उतारा, पाहणी आणि ओवी : मुळा-पवनेच्या काठच्या शेतकरी स्त्रीचे चरित्र

दापोडीचा इतिहास लिहायला घेतला की तो आपोआप बंगल्याचा, बागेचा आणि पुलाचा इतिहास होऊ लागतो. पेशवाईच्या अखेरच्या वर्षांत कॅप्टन फोर्डच्या पलटणीचा तळ येथे होता आणि ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईत ती पलटण येथूनच जाऊन इंग्रजी फौजेला मिळाली. फोर्डचा बंगला पुढे मुंबईच्या गव्हर्नरांकडे गेला. १८२८ मध्ये सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत त्याच्या आवारात सरकारी वनस्पति-उद्यान उभे राहिले आणि १८६५ मध्ये ते मोडले. नंतर सार्वजनिक बांधकाम खात्याचा कारखाना, लोहमार्गाचे स्थानक, मुळेवरचा लॉर्ड हॅरिस यांच्या नावाचा पूल आणि स्वातंत्र्यानंतर आलेले लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, अशी ही नोंद पुढे सरकते. प्रत्येक टप्प्याचा कागद आहे, नकाशा आहे, बहुधा चित्रही आहे. ज्या जमिनीवर हे सारे उभे राहिले तिचे मात्र चरित्र नाही. त्या जमिनीत ज्या हाताने खुरपे चालवले त्या हाताचे तर नाहीच.

या उद्यानाचीच एक गोष्ट येथे उपयोगी पडते. अलेक्झांडर गिब्सन हे तेथील अधीक्षक असताना, १८४७ ते १८५० या काळात, त्यांनी बागेतील आणि आसपासच्या वनस्पतींची चित्रे काढून घेतली. सुमारे १७० चित्रांचा हा संच एडिंबरोच्या राजकीय वनस्पति-उद्यानात आहे आणि हेन्री नोल्टी यांनी २००२ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिल्यामुळे 'दापुरी' हे नाव पुन्हा अभ्यासकांपुढे आले. प्रत्येक वनस्पतीला शास्त्रीय नाव आहे. चित्रकार भारतीय-पोर्तुगीज असावा इतकेच कळते; त्याचे नाव उरलेले नाही. वाफे कोणी भांगलले, रोपांना पाणी कोणी घातले, हा प्रश्न तर त्या संचाच्या कक्षेतच येत नाही. ज्ञानाची एक व्यवस्था वस्तूला नाव देते आणि ती वस्तू ज्याच्या श्रमाने पाहण्याजोगी झाली त्याला अनाम ठेवते. दापोडीच्या बागेत हे अगदी ढोबळपणे दिसते. पुढील सव्वाशे वर्षांत या परिसरातील शेतकरी स्त्रीविषयी जे लिहिले गेले त्यातही हीच रचना वेगवेगळ्या वेषांत पुन्हा येते. तिच्या जगण्याचा माग काढायचा तर तीन प्रकारची लेखने हाताशी आहेत : अर्थशास्त्रीय पाहणी, जात्यावरची ओवी आणि महसुली उतारा. ही तिन्ही लेखने एकमेकांशी बोलत नाहीत. समीक्षेने यांपैकी दुसरे आपले मानले आणि उरलेली दोन समाजशास्त्रज्ञांवर व वकिलांवर सोपवली. ही वाटणी कितपत टिकणारी आहे, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दापोडीहून पवनेच्या काठाने थोडे वर गेले की पिंपळे सौदागर लागते. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह या गावाची पाहणी केली आणि १९१७ मध्ये 'लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज' या नावाने ती प्रसिद्ध झाली. हिंदी ग्रामीण अर्थशास्त्रात ही पाहणी आद्य मानली जाते. तिच्यातील आकडे पाठ्यपुस्तकांतून वर्षानुवर्षे फिरले : १७७१ मध्ये या गावातील सरासरी धारणा ४० एकरांची होती, १८१८ मध्ये ती साडेसतरा एकरांवर आली आणि १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर. पाच एकरांहून लहान असलेल्या धारणा निम्म्याहून पुष्कळ अधिक झाल्या होत्या आणि एकेक धारणा पुन्हा लहान लहान तुकड्यांत विखुरलेली होती. गावातील सुमारे दोन-तृतीयांश कुटुंबांचे शेतीची आणि बाहेरची मिळकत एकत्र धरूनही भागत नव्हते. खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून जवळच होता, पुणे शहर आणि छावणी हाकेच्या अंतरावर होती. गावची मिळकत शेतावर उरली नव्हती, ती बाहेरच्या मजुरीवर टेकू लागली होती. मुंबई इलाख्यातील जमिनीच्या विखंडनाची चर्चा पुढे कितीतरी वर्षे या गावाच्या आधाराने चालली.

मॅनच्या पाहणीचे मोल कमी करण्याचे कारण नाही. पण तिचे व्याकरण पाहावे लागते. तिचा कर्ता 'कुटुंब' आहे. कुटुंबाला जमीन आहे, कर्ज आहे, बैल आहेत, खर्च आहे. मजुरी दिली तर ती खर्चात धरली जाते. घरच्या माणसाने काम केले तर ते घरचेच असते. सुनेने आषाढ-श्रावणात बाजरी खुरपली तर ताळेबंदात काही घडत नाही. तीच सून दुसऱ्याच्या शेतात रोजाने गेली की ती एकदम आकड्यांत दिसू लागते. हा दोष एकट्या मॅनचा नव्हे, जमाखर्च या लेखनप्रकाराचाच आहे. आणि तो पुढेही सुटला नाही. १९६१ च्या जनगणनेत भारतात काम करणाऱ्या स्त्रियांची संख्या सुमारे ५ कोटी ९४ लाख होती. १९७१ मध्ये ती ३ कोटी १२ लाखांवर आली. दहा वर्षांत पावणेतीन कोटी स्त्रिया शेताच्या बांधावरून उठून घरात जाऊन बसल्या नव्हत्या. प्रश्न बदलला होता. 'मुख्य काम कोणते' असे विचारल्यावर घराचा कर्ता सांगतो ते उत्तर लिहिले जाते आणि ते उत्तर 'घरकाम' असे असते. एका विशेषणाने एवढी माणसे गाळता येतात, हे भाषेच्या अभ्यासकांनी विसरू नये असे उदाहरण आहे.

तरीही मॅनचे आकडे उलटे धरून वाचता येतात. सात एकरांची विखुरलेली जमीन, कारखान्याच्या भोंग्यावर जाणारा पुरुष आणि तरीही पिकत राहिलेले शेत ही तीन विधाने एकत्र ठेवली की मधली जागा कोणी भरली हे उघड होते. पुरुष मजुरीला जाऊ लागला तसतशी शेताची रोजची राखण बाईकडे आली. औत, पाभर आणि मोट ही बैलांची, म्हणून पुरुषाची कामे. ती सुट्टीच्या दिवशी किंवा सावडीने उरकता येतात. रोज हात मागणारी कामे वेगळीच असतात.

त्या कामांची यादी कोणत्याही ग्रंथात सलग मिळत नाही. ती हवेली आणि मावळ भागांतील म्हाताऱ्या बायांच्या बोलण्यात, म्हणींत आणि ओव्यांत विखुरलेली आहे. पहाटे जाते. दळण हे दिवसाचे पहिले काम आणि ते इतर कोणी उठण्याआधी संपायला हवे, कारण न्याहारीची भाकरी त्यावर अवलंबून. मग शेण काढणे, गोठा झाडणे, गोवऱ्या थापणे, पाणी आणणे. मळ्यात पुरुष मोट हाकीत असेल तर दारे धरायला बाई: वाफा भरला की फावड्याने माती ओढून पाण्याचे तोंड बंद करायचे आणि पुढचे मोकळे करायचे. हे काम दिसते सोपे. पण पाटाचा उतार, मातीची तहान आणि पिकाची वाढ यांचा अंदाज पायांच्या तळव्यांत असावा लागतो. खुरपणी ओणव्याने किंवा उकिडवे बसून, पाठीवर ऊन घेऊन. काढणी, कणसे खुडणे, खळ्यावर वारा धरून उफणणे. आणि शेवटी सर्वांत महत्त्वाचे, परंतु सर्वांत कमी नोंदले गेलेले काम, बियाणे राखणे. कोणते कणीस बाजूला काढायचे, कोणते राखेत घोळून मडक्यात भरायचे, उतरंडीत कुठे ठेवायचे, हा निर्णय बहुधा घरच्या वडीलधाऱ्या बाईचा. संकरित वाणाचे पाकीट दुकानातून येऊ लागले, तेव्हा शेतीवरचा तिचा एक अधिकार कोणी काढून न घेताच संपला.

पश्चिमेकडे, मुळशी-मावळाच्या पावसात, हेच जीवन भाताच्या भोवती फिरते : राब भाजणे, चिखलात उभे राहून आवणी, डोक्यावर इरले. तेथे सावडीला फार महत्त्व; एकमेकींच्या खाचरात जाऊन लावणी उरकायची आणि दिवस परत फेडायचा. हे ऋण कोणत्याही सावकाराच्या वहीत नसते, तरी ते विसरले जात नाही. दापोडीच्या बाजूला, शहराच्या शेजारामुळे, भाजीपाला आणि दूध यांना गिऱ्हाईक होते. पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणारी बाई हे पुण्याच्या आसमंतातील जुने दृश्य. १८८६ मध्ये पुण्यात रे मार्केट, म्हणजे आजची महात्मा फुले मंडई, उघडली, त्याआधीही आणि नंतरही. बाजाराला जाणारी बाई पैसा हाताळते, भाव करते, परक्या पुरुषाशी बोलते. घरी आल्यावर मात्र तो पैसा सासूच्या किंवा नवऱ्याच्या हाती जातो. पैसा हाताळणे आणि पैसा असणे यांतील हे अंतर तिच्या आयुष्याचे एक सूत्र मानता येईल.

येथे 'शेतकरी स्त्री' या एकवचनाविषयी सावध राहणे अवश्य आहे. कुळवाडी घराण्याची स्थिती सुधारली की सून शेतातून आत घेतली जाते, आणि शेतात न जाणे हीच घराण्याच्या प्रतिष्ठेची खूण ठरते. म्हणजे बांधावर दिसणारी बाई बहुधा बेताच्या घरातली असते. तिच्या शेजारी त्याच सरीत वाकलेली महार वा मांग समाजातील बाई असते. तिला ना बांध आपला, ना खळे आपले. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' आणि शांताबाई कांबळे यांचे 'माज्या जल्माची चित्तरकथा' ही आत्मकथने १९८६ मध्ये ग्रंथरूपाने आली आणि मराठी वाचकाला गावगाड्यातील स्त्रीच्या श्रमाची दुसरी बाजू वाचावी लागली. एकाच खळ्यावरचे धान्य एकीच्या कणगीत आणि दुसरीच्या पदरात जाते. दोघींना एका 'ग्रामीण स्त्रीजीवना'त कोंबणारी समीक्षा भाबडी आहे, यापेक्षा कडक शब्द खरे तर वापरायला हवा.

आता ओवी. जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनाला मराठीत मोठी परंपरा आहे. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन' या नावाने दोन भागांत ओव्या संपादित केल्या. दुर्गाबाई भागवतांनी १९५६ च्या 'लोकसाहित्याची रूपरेषा' या ग्रंथात लोकसाहित्याकडे पाहण्याची शास्त्रीय चौकट दिली. सरोजिनी बाबर यांच्या अध्यक्षतेखालील राज्य लोकसाहित्य समितीने खंडांमागून खंड काढले. या सर्व कामाविषयी आदर ठेवूनही एक गोष्ट नमूद करावी लागते. संकलकाने ओव्या विषयवार लावल्या : माहेर, भाऊ, बाळ, सासर, देव, सण. हे वर्गीकरण घराच्या उंबऱ्याच्या आत फिरते. वाचणाऱ्याच्या मनात जी स्त्री उभी राहते ती लेक, बहीण, आई, सून असते. राबणारी बाई म्हणून ती क्वचितच उभी राहते. जाते हे स्वतःच श्रमाचे साधन आहे, ओवीचा प्रत्येक ठोका जात्याच्या फेऱ्याने बांधलेला आहे, या गोष्टीचा उल्लेख प्रस्तावनेत होतो आणि विवेचनात विसरला जातो.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवॅं यांचे काम याहून वेगळ्या दिशेने गेले. मुळशी-मावळ भागांतील खेड्यांत संघटनेचे काम करताना बायांनी एकत्र बसून आपापल्या ओव्या आठवायच्या, गायच्या आणि त्यांचा अर्थ स्वतःच सांगायचा, अशी पद्धत त्यांनी अवलंबिली. पुढे हे संकलन महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांपर्यंत आणि एक लाखाहून अधिक ओव्यांपर्यंत वाढले. १९९० नंतर बर्नार बेल यांच्या साह्याने ध्वनिमुद्रण आणि संगणकीय नोंद झाली. पॉइतवॅं २००४ मध्ये वारले, आणि त्यानंतर दशकभराहून अधिक काळाने 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने ते सर्वांसाठी खुले केले. गाणारीचे नाव, गाव आणि ओवी एकत्र नोंदली गेली, हा या कामाचा पद्धतीच्या दृष्टीने मोठा विशेष. याच संग्रहात दलित बायांनी बाबासाहेब आंबेडकरांवर रचलेल्या ओव्या मोठ्या संख्येने आल्या आणि 'ओवी म्हणजे परंपरेचा जपलेला ठेवा' ही समजूत मुळातच हलली. ओवी इतिहास घडत असताना रचली जात होती.

परंतु ओवी हे चरित्राचे साधन म्हणून वापरताना एक अडचण आहे आणि ती केवळ साहित्यविचारच सोडवू शकतो. ओवीत 'मी' येतो. तो 'मी' कोणाचा? एकच ओवी नावाची जागा बदलून दहा गावांत सापडते. भावाच्या नावाच्या ठिकाणी ज्या त्या बाईने आपल्या भावाचे नाव घालावे, नदीच्या ठिकाणी आपली नदी, देवाच्या ठिकाणी आपले दैवत. म्हणजे ओवीतील 'मी' ही व्यक्ती नसून एक जागा आहे, आणि जात्याचा खुंटा ज्या बाईच्या हाती असतो ती तेवढ्यापुरती त्या जागेवर बसते. लिखित भावकवितेची सवय असलेल्या समीक्षकाने या 'मी'ला आत्माविष्कार म्हटले. लोकसाहित्याच्या अभ्यासकाने त्यालाच समूहमन म्हटले. दोन्ही उत्तरांत गाणारी बाई निसटते. तयार जागेत स्वतःचे नाव घालण्याची कृती, कोणती ओवी घ्यायची आणि कोणती टाळायची याची निवड, जोडीला बसलेल्या जावेच्या समोर सासूवरची ओवी म्हणण्याचे धाडस, यांत तिचे कर्तेपण आहे. ते संहितेत शोधून मिळत नाही, प्रयोगात मिळते. त्यामुळे गाणारी, स्थळ आणि प्रसंग यांवाचून छापलेली ओवी हा अर्धाच पुरावा ठरतो. मॅनच्या कोष्टकातून कुटुंबाने बाईला झाकले. संकलनाच्या खंडातून 'लोक' या शब्दाने झाकले.

आणखी एक गोष्ट. ओवी काय सांगत नाही हेही पाहावे लागते. तिच्यात नांगर, बैल, पाऊस, पीक यांची रेलचेल आहे. पण शेत बहुतेकदा भावाचे किंवा नवऱ्याचे म्हणून येते, 'माझे शेत' म्हणून फार विरळा. बाप आणि भाऊ यांचे वैभव गाणारी बाई त्या वैभवात आपला वाटा मागत नाही. ती साडीचोळी, मुऱ्हाळी आणि माहेरची वाट मागते. यावरून ती समाधानी होती असा निष्कर्ष काढणारे भेटतात. उलटही वाचता येईल. ज्या गोष्टीवर हक्क सांगता येत नाही तिच्याशी नाते सांगायचे, ही ओवीची नीती आहे. माहेरची वाट बंद होऊ नये म्हणून जमिनीचा उल्लेख टाळायचा, हा व्यवहार तर नंतरच्या काळात कागदावरही उतरलेला दिसतो.

लिखित साहित्याची साक्ष थोडक्यात आटोपता येईल, कारण ती थोडीच आहे. महात्मा फुले यांच्या १८५५ मधील 'तृतीय रत्न' या नाटकात गरोदर शेतकरीण रंगभूमीवर येते आणि तिचे भय हाच जोशाच्या कमाईचा आधार असतो. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये शेतकऱ्याच्या घराचे अंतरंग, अन्न आणि कपडा यांसह उघडे केले जाते. त्यानंतर ग्रामीण कथा-कादंबरीत बाई आहे, पण प्रायः प्रेयसी, पीडिता किंवा माय म्हणून. आनंद यादव यांच्या 'झोंबी'तील (१९८७) आई अविस्मरणीय आहे, तथापि ती लेकाच्या नजरेतून दिसते आणि लेकाच्या शिक्षणाची कहाणी हाच त्या आत्मचरित्राचा कणा आहे. खानदेशातील असोदे गावात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) हा एकमेव मोठा अपवाद. शेतात आणि घरात राबताना त्यांनी रचलेली गाणी घरातल्या पुरुषांनी उतरून घेतली आणि त्या गेल्यानंतर १९५२ मध्ये आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने ती पुस्तकरूपाने आली. मराठीने त्यांना डोक्यावर घेतले. पण त्यांचे अपवादपण आपण कौतुकाने सांगतो तेव्हा हेही लक्षात यावे, की त्या घरात लिहून घेणारा कवी मुलगा, सोपानदेव, होता. पिंपळे गुरव किंवा सांगवीच्या एखाद्या घरात तो नव्हता, एवढाच फरक काही ठिकाणी असू शकेल.

राहिला उतारा. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ मध्ये आला आणि जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला एक कागद मिळाला. सात-बाराचा उतारा हे ग्रामीण महाराष्ट्रातील सर्वांत अधिक वाचले जाणारे लेखन असेल. त्याचेही एक व्याकरण आहे. एका बाजूला खातेदाराचे नाव. त्याच्या लगत 'इतर हक्क'. खातेदार मेला की मुलांची नावे कर्त्याच्या जागी चढत आणि विधवा व मुली पुष्कळदा 'इतर हक्क' या रकान्यात उतरत. जी बाई पन्नास वर्षे त्या जमिनीत वाकली ती लेखनात बोजा, विहिरीचा हिस्सा आणि वहिवाटीची वाट यांच्या पंक्तीला जाऊन बसते.

कायद्याची भाषा याहून फार उदार नव्हती. हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेसंबंधीचा १९३७ चा कायदा विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेत मर्यादित हक्क देणारा होता. पण शेतजमीन हा प्रांतांचा विषय असल्याने तो शेतजमिनीस लागू होत नाही असे १९४१ मध्ये संघ न्यायालयाने ठरवले. १९४८ च्या कुळकायद्यात 'जातीने जमीन कसणे' याची व्याख्या करताना विधवा, अज्ञान मूल, शारीरिक वा मानसिक दुर्बलता असलेली व्यक्ती आणि सैनिक यांना एका सवलतीत बसवले आहे : यांनी नोकरांकडून किंवा मजुरांकडून कसून घेतले तरी ते जातीने कसणेच समजावे. हेतू संरक्षणाचा होता, यात शंका नाही. परंतु ज्या प्रदेशात शेताची निम्म्याहून अधिक हातकामे बाई करते, तेथे नवरा मेल्याबरोबर तीच बाई कसायला असमर्थ समजली जाते, हा विनोद व्याख्येच्या पोटात आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या वाट्यात हिस्सा दिला. जन्माने मिळणारा सहदायादाचा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये दिला. महाराष्ट्राच्या दुरुस्तीतही तिच्या अंमलापूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या.

दापोडीच्या आसमंतात या तारखांना विशेष अर्थ आहे, कारण जमीन त्यांची वाट पाहत थांबली नाही. पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये आला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले आणि पिंपरी-चिंचवड-भोसरीचे माळ कारखान्यांखाली गेले. १९७० मध्ये नगरपालिका, १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण, १९८२ मध्ये महानगरपालिका. म्हणजे या पट्ट्यातील बरीचशी शेतजमीन संपादनाने किंवा विक्रीने हातची गेली ती मुलीला सहदायाद मानणारा कायदा येण्यापूर्वी. नुकसानभरपाई उताऱ्यावरच्या नावाला मिळते. घामाला मिळत नाही. या नदीने असे आधीही पाहिले होते. दापोडीवरून वाहणारी मुळा मुळशीहून येते. तेथे १९२१ ते १९२४ या काळात टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला, त्यात बायाही उतरल्या, आणि तरीही भाताची खाचरे पाण्याखाली गेली. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा साक्षेपी इतिहास लिहिला आहे.

बाईच्या नावाचा प्रश्न शेवटी शेतकरी चळवळीतूनच पुढे आला, आणि तोही याच परिसरातून. शरद जोशी यांनी १९७७ मध्ये चाकणजवळ आंबेठाण येथे जमीन घेतली. चाकणच्या कांद्याच्या भावापासून शेतकरी संघटनेची सुरुवात झाली. शेतमालाचा उत्पादनखर्च काढू लागल्यावर घरच्या बाईची मजुरी त्यात धरायची की नाही, हा प्रश्न टळण्यासारखा नव्हता. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन भरले आणि १९९० च्या सुमारास 'लक्ष्मीमुक्ती' हा कार्यक्रम निघाला : पुरुषाने आपल्या हाताने जमिनीचा हिस्सा पत्नीच्या नावे करावा. दानाच्या भाषेत मांडलेला हा हक्क होता, अशी टीका त्यावर करता येते आणि ती बरोबरही आहे. तरी मॅनच्या कोष्टकात जी बेरीज दिसली नव्हती ती येथे प्रथमच कागदावर उतरू लागली.

पिठाची गिरणी गावात आली तेव्हा पहाटेचे एक कष्टाचे काम सुटले. कोणत्याही बाईने त्याबद्दल खंत केल्याचे ऐकिवात नाही. जात्याबरोबर ओवीचे ठिकाणही गेले. त्यामुळे ओव्यांचे मोठे ध्वनिमुद्रण झाले ते दळणे थांबल्यावर, आठवणीतून, बहुधा दिवसाउजेडी. नेमक्या त्याच वर्षांत त्याच पिढीच्या बाया तलाठ्याच्या आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत भावांच्या बाजूने हक्कसोडपत्रे करून देत होत्या. जमिनीला भाव आला होता आणि माहेर तुटायला नको होते. ओवीत ज्या भावाचे नाव घातले त्याच्याच नावे कागद होतो. या दोन संहिता एकाच बाईच्या आहेत. एकीत तिचा आवाज फितीवर आहे. दुसरीत मजकूर लेखनिकाचा आहे, वाचून दाखवल्याची नोंद आहे आणि खाली निळ्या शाईत 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा', पुढे दुसऱ्याच्या अक्षरात तिचे नाव.